एसी नंतर, मच्छरदाणी आधी



वातानुकूलित अतिथिगृहाशिवाय गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात परदेशी अभ्यासक टिकणार नाहीत, असे एका पत्रलेखकाने आपल्या वृत्तपत्रात म्हटले आहे; ते पटत नाही. १९५४ च्या सुमारास सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक वरोऱ्याच्या आनंदवनात राहिले, बांधकामात राबले. तेव्हा कुठला एसी? गडचिरोली हिवतापाचा जिल्हा. इथे पलंगाला चार दांड्या आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी आधी हवी. मग मे महिन्यासाठी कूलर, पिण्याचे शुद्ध पाणी, वीज गेल्यास इन्व्हर्टर. नागपूर विमानतळावरून आणायला गाडी हवी आणि पाहुणा अतिथिगृहात आल्यापासून २४ तासांत परदेशी नागरिक म्हणून त्याची ऑनलाइन नोंद करणारा जबाबदार कर्मचारीही. विद्यापीठाने एवढे केले तरी पुष्कळ. एसीचे पुढे बघू.

— एक वाचक, गडचिरोली