खेळ वाढला, मालकी कुणाची?

रहिमतपूरच्या तरुण साथींच्या बैठकीत परवा एक प्रश्न निघाला. नितीश मित्तरसेन यांनी १९९९ साली मुंबईत सुरू केलेली 'नझारा टेक्नॉलॉजीज' ही मोबाइलवरील खेळांची कंपनी आज परदेशातल्या कंपन्या विकत घेते. महाराष्ट्रातल्या उद्योगाच्या या भरारीकडे समाजवाद्यांनी संशयाने का पाहावे? उलट काही वडीलधाऱ्या साथींचे म्हणणे असे की, या खेळांनी पोरे बिघडली, तेव्हा ते सरसकट बंदच झाले पाहिजेत. आमच्या मते दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत.

खेळाला आमचा विरोध नाही. वसंत कानेटकरांच्या जन्मगावाला तर त्याचे वावडे असूच नये; आपल्याकडे नाटकाच्या प्रयोगालाही 'खेळ'च म्हणतात. पडद्यावरच्या खेळालाही कथा लागते, चित्र लागते, संगीत लागते. प्रश्न एवढाच की, हे सारे निर्माण करणाऱ्याच्या पदरात काय पडते?

'वाढ' म्हणजे काय, ते आधी तपासू. मार्च २०२१ मध्ये नझाराचे समभाग बाजारात आले. एका समभागाची किंमत १,१०१ रुपये आणि मागणी सुमारे १७५ पट. वृत्तपत्रांनी जयजयकार केला. परंतु ही सुमारे ५८३ कोटींची विक्री संपूर्णपणे जुन्या भागधारकांच्या समभागांची होती. त्यातला एक रुपयाही नवा खेळ रचण्यासाठी कंपनीच्या तिजोरीत गेला नाही. मालकीचे कागद या हातातून त्या हातात गेले, इतकेच.

पुढची वाढही बव्हंशी खरेदीची. २०१८ मध्ये स्पर्धा भरवणारी 'नॉडविन', २०१९ मध्ये बालकांसाठीच्या 'किडोपिया'ची निर्माती कंपनी, २०२५ मध्ये ब्रिटनमधील 'कर्व्ह गेम्स' ही खेळांची प्रकाशन संस्था. नॉडविनने २०२२ मध्ये खेळाडूंसाठी हेडफोन वगैरे साधने विकणाऱ्या 'विंग्ज'मध्येही हिस्सा घेतला. खेळ आपला, स्पर्धा आपली आणि कानाला लावायचे यंत्रही आपलेच, असा हा बेत आहे. जगभर हीच रीत दिसते. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ६,९०० कोटी डॉलर मोजून 'अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड' घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये आपल्या खेळविभागातील १,९०० जणांना घरी बसवले. कंपनी वाढली, कामगार घटले.

आपल्याकडे तर सरकारनेच दुटप्पीपणाचा कळस केला. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर, लावलेल्या पूर्ण रकमेवर, २८ टक्के कर बसवला. जवळपास दोन वर्षे त्यातून तिजोरी भरली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तोच धंदा कायद्याने गुन्हा ठरवला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. बंदी योग्यच होती. खेड्यापाड्यांतल्या तरुणांची कष्टाची कमाई गिळणारा जुगार थांबायलाच हवा होता. नझाराने २०२४ मध्येच 'पोकरबाझी' चालवणाऱ्या कंपनीतील जवळपास ४८ टक्के हिस्सा सुमारे ८३२ कोटींना घेण्याचा करार केला होता. ती बाजी उलटली. त्याचे आम्हाला दुःख नाही. परंतु 'एमपीएल'ने त्याच महिन्यात भारतातील सुमारे ६० टक्के कर्मचारी कमी करण्याचे ठरवले, त्यांचा काय अपराध? जुगाराचा निर्णय त्यांनी घेतला नव्हता. कर गोळा करणाऱ्या सरकारला त्यांच्या पुनर्वसनाची एक ओळही सुचली नाही.

याचे मूळ मालकीत आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, नोकरीत असताना निर्मिलेल्या कृतीचा पहिला धनी नोकरी देणारा असतो. मराठी रंगभूमीवर नाटककाराला प्रयोगामागे मानधन मिळण्याची प्रथा रुजली. पडद्यावरचा खेळ रचणारा मात्र महिन्याच्या पगारावर आपले नाव आणि हक्क दोन्ही गहाण टाकतो. त्याचा खेळ लाखो वेळा खेळला गेला तरी भाव वधारतो तो समभागाचा.

म्हणून नुसते कौतुक नको आणि नुसती बंदीही नको. खेळ रचणाऱ्यांना उत्पन्नात करारबद्ध वाटा, संघटनेचा हक्क आणि कायद्याने धंदा बंद पडल्यास पुरेशी भरपाई, या तीन मागण्या आपण लावून धरल्या पाहिजेत. कर्मवीरांनी १९१९ साली रयतेच्या पोरांसाठी शिक्षणाचे दार उघडले, ते याच जिल्ह्यात. त्या पोरांच्या नातवंडांनी केवळ दुसऱ्याचे खेळ विकत घ्यावेत की स्वतः रचून त्यांची सहकारी मालकी उभारावी? बैठकीतल्या तरुण साथींनी हा प्रश्न गावोगाव न्यावा. मोबाइल त्यांच्या हातात आहेच; हक्काची मागणी आता त्यांच्या ओठांवर आली पाहिजे.