एक वाचनालय, तीन पाट्या

संगणकवाल्यांकडेही 'लायब्ररी' असते, बरं का! फक्त तिथल्या रहस्यकथेचं शेवटचं पान कुणी फाडून नेलेलं नसतं. पाच प्रोग्रॅमना एकच काम लागत असेल तर प्रत्येकाने त्याची प्रत पोटात बाळगण्यापेक्षा ती एका जागी ठेवावी, लागेल त्याने वापरावी, चूक निघाली तर एकाच प्रतीत सुधारावी. ही झाली 'शेअर्ड लायब्ररी'. कल्पना थेट आपल्या सार्वजनिक वाचनालयाची. तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते ती बांधून देणाऱ्या गवंड्याशी, म्हणजे सी भाषेच्या कंपायलरशी.

मी हौसेखातर देवनागरी शब्द अकारविल्हे लावणारी एक छोटीशी लायब्ररी लिहिली. (निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, आमच्या गॅलरीत एक तुळस जेमतेम मावते.) 'ज्ञ' कुठे लावायचा यावर भांडण होईल असं वाटलं होतं. ते राहिलं बाजूला! लिनक्सवर जीसीसीला 'शेअर्ड' म्हणायचं, जोडीला 'एफपिक', म्हणजे बिऱ्हाड मेमरीत कुठेही मांडता आलं पाहिजे, की '.एसओ' फाइल तयार. मॅकवर त्याच जीसीसीला 'डायनॅमिकलिब' म्हणायचं आणि फाइलीचं आडनाव 'डायलिब'. आयत्या वेळी बोलावण्याच्या पाहुण्यासाठी तिथे आणखी एक प्रकार आहे, त्याचं नाव 'बंडल'. मराठीत त्या शब्दाचा जो अर्थ आहे तोच मला पटतो.

विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला '/एलडी' सांगितलं की 'डीएलएल' बनते, पण तिला दार एकही नसतं! जे फंक्शन बाहेर द्यायचं त्याच्या कपाळावर 'डीएलएलएक्सपोर्ट' लिहायचं आणि वापरणाऱ्यासाठी त्याच जागी 'डीएलएलइम्पोर्ट'. म्हणजे हेडर फाइल एकच, पण घरच्यांना एक मजकूर दिसायचा आणि पाहुण्यांना दुसरा. लग्नातल्या मानपानाच्या याद्या अशाच असायच्या.

जाणकार म्हणतात, "अहो, एक मॅक्रो लिहिला की झालं!" मान्य. पण तोच मॅक्रो जगातल्या प्रत्येक लेखकाने आपापल्या हाताने पुन्हा लिहायचा, यात 'शेअर्ड' ते काय?

विंडोजला मात्र उगीच नावं ठेवू नयेत. मला तर तिचीच रीत बरी वाटते. लिनक्सवर काही न सांगितलं तर माळ्यावरची अडगळसुद्धा पाहुण्यांना दिसते आणि दोन लायब्रऱ्यांतली सारखी नावं एकमेकांवर आदळतात. जीसीसीला हे उमगून २००५ साली ४.० आवृत्तीत 'आधी सगळं झाका' म्हणायची सोय आली. पण सोयच, रिवाज अजून उघड्या दारांचाच.

बरं, हे अशक्य आहे म्हणावं तर रस्ट भाषेत 'सीडायलिब' एवढा एक शब्द लिहिला की जिथे जशी हवी तशी फाइल मिळते. आमच्या सीचं पहिलं मानक १९८९ सालचं. पुढे आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, पण शेअर्ड लायब्ररी हा विषयच त्यांत नाही. मग मधले दलाल पोसा! लिबटूल म्हणजे हजारो ओळींची शेल स्क्रिप्ट, सगळा जन्म कंपायलरांची मर्जी सांभाळण्यात. विंडोजवर सगळी फंक्शनं एका फटक्यात बाहेर काढायची सोय सीमेकने २०१५ साली दिली. दलालाला हे जमतं, तर घरमालकाला काय धाड भरली आहे?