कोटेशनमधली विम्याची ओळ खोडू नका

दुसऱ्याची चूक सांगणे सोपे असते. या वेळी आम्ही आमचीच चूक व्यापारी बंधूंसमोर ठेवीत आहोत. तीतून कोणी काही शिकला तर लिहिण्याचे सार्थक झाले असे समजू.

२०२४ च्या हिवाळ्यात अमरावतीच्या आमच्या दुकानामागील गोदामात लोखंडी माळा टाकण्याचे काम निघाले. लग्नसराईचा माल ठेवायला जागा पुरत नव्हती. काम अकोल्याच्या एका ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याला दिले. हा गृहस्थ आधी स्वतः वेल्डर होता, मग चार मुले हाताशी धरून ठेकेदार झाला. त्याने जे कोटेशन लिहून आणले त्यात लोखंड, प्लाय, मजुरी आणि गाडीभाडे यांच्या खाली शेवटची एक ओळ होती : ‘मजुरांचा विमा, रु. ३,५००’. आम्ही कापडाचे व्यापारी, भाव पाडण्याची सवय हाडात मुरलेली. लोखंडाचा भाव पडेना, मजुरी कमी होईना, तेव्हा पेन घेऊन आम्ही ती शेवटची ओळ खोडली. वर म्हणालो, “आठ दिवसांचे काम, त्याला विमा कशाला? आणि आपल्यात विमा जायज तरी कुठे आहे?” तो म्हणाला, “जशी तुमची मर्जी, सेठ.”

पाचव्या दिवशी शिडी सरकली आणि त्यातला एक मुलगा बारा फुटांवरून खाली आला. वय सत्तावीस, घरी बायको आणि दोन लहान मुले. मांडीचे हाड मोडले, खुब्यालाही मार बसला. जो दवाखाना जवळ होता तेथे नेले. ऑपरेशन झाले, सळई बसविली, बिल एक लाख नव्वद हजारांवर गेले. सरकारी योजनेत हे बसते का, असे तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारले. तेव्हा कळले की तो दवाखाना योजनेत नव्हता. असता तरी अडचण होतीच, कारण लग्नानंतर त्या मुलाचे नाव वडिलांच्या रेशन कार्डातून निघाले होते आणि नव्या कार्डात चढलेच नव्हते.

मग नेहमीचे सर्व झाले. जुम्याच्या नमाजनंतर चादर फिरली. आम्ही काही रक्कम दिली. ठेकेदाराने वेल्डिंगची दोन मशिने आणि कटर विकून उरलेले बिल भागविले. मुलगा सात महिने घरी बसला. ठेकेदार आज दुसऱ्याच्या हाताखाली रोजाने जातो. आम्ही साडेतीन हजार रुपये वाचविले त्याचा हिशोब हा असा आहे.

जबाबदारी कोणाची?

आमच्या बांधवांत एक समजूत पक्की आहे की मजूर स्वतःच्या चुकीने पडला तर मालकाचे देणे लागत नाही. ही समजूत खोटी आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून आपल्या देशात नियम असा आहे की कामावर, कामामुळे अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यावयाची. लहान-मोठ्या चुकीने ती बुडत नाही. २०१० च्या दुरुस्तीने अपघाताच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकावर आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण मालकाची जबाबदारी तशीच राहिली.

रक्कम किती होते ते पाहा. मृत्यूच्या भरपाईत महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग धरतात आणि त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. २०२० साली मजुरीची मर्यादा १५,००० रुपये ठरली, तिच्या हिशोबाने चाळीस वर्षांच्या मजुराचे ७,५०० गुणिले १८४.१७, म्हणजे १३,८१,२७५ रुपये होतात. चार मुलांना घेऊन काम करणारा कोणता ठेकेदार ही रक्कम घरातून काढून देईल? त्याचे घर विकले जाईल आणि तरीही मजुराच्या बेवेला पुरते पैसे मिळणार नाहीत. मालक आणि मजूर अशी दोन्ही घरे एकाच दिवशी बसतात.

काम देणाऱ्या व्यापाऱ्याचे काय? आमच्या बाबतीत कायदा सैल होता, कारण माळा बांधणे हा कापडवाल्याचा धंदा नव्हे. परंतु आपल्याच धंद्याचे काम, जसे शाळेचे गणवेश किंवा पिशव्या शिवून घेणे, आपण ठेकेदारामार्फत करवून घेतले, तर भरपाईची मागणी थेट आपल्यापर्यंत येऊ शकते. नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करावी, एवढीच मुभा आपल्याला आहे. ज्याच्याजवळ मशिनीशिवाय काही नाही त्याच्याकडून काय वसूल होणार?

मालाचा विमा आहे, माणसाचा नाही

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ, जे आम्ही ओळ खोडताना बोललो. विम्याबद्दल आमच्या बांधवांच्या मनात जो धार्मिक संकोच आहे तो खरा आहे, त्याची चेष्टा करणे योग्य नाही. १९८५ साली जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने व्यापारी विमा नाकारला आणि आपसांतील सहकार्यावर चालणारा विमा मान्य केला. त्याच पायावर सुदानमध्ये १९७९ साली तकाफुल कंपनी निघाली होती, मलेशियाने १९८४ साली कायदा केला. भारतात अशी कंपनी आजही नाही. फतवा देणे हे कापडवाल्याचे काम नाही. ज्याला शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावे.

पण विचारताना आपला सर्व हिशोब समोर ठेवावा. आमच्या दुकानातल्या मालाचा आगीचा विमा वर्षानुवर्षे आहे, कारण बँक त्याशिवाय कॅश क्रेडिट देत नाही. दुकानाच्या गाडीचा विमा आहे, कारण त्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही. ठाणांचा विमा काढताना आम्हाला मसला आठवला नाही, मजुराच्या साडेतीन हजारांवर मात्र आठवला. याला परहेजगारी म्हणावे की कंजुषी, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. मजुराच्या हक्काची ताकीद आपण लहानपणी उर्दू शाळेत पहिल्या दुसऱ्या इयत्तेतच ऐकली आहे. विमा न घेण्याची मुभा कोणी सांगेल, पण मजुराचे देणे न देण्याची मुभा कोणीही सांगणार नाही.

कोणत्या वाटा खुल्या आहेत

पहिली वाट कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची. ही नफ्याची कंपनी नाही. मालक आणि कामगार दोघे मिळून भरतात, त्यातून आजाऱ्याचा खर्च होतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत मजुरी असलेला कामगार यात बसतो. जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का आहे. पंधरा हजार मजुरीवर मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे आणि कामगाराचे ११२ रुपये ५० पैसे, मिळून महिना ६०० रुपये. यात कामगाराचा व त्याच्या कुटुंबाचा उपचार, आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के मजुरी आणि कामावरील अपघातात नव्वद टक्के मजुरी मिळते. उपचार आणि अपघाताचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो. आजारपणाच्या मजुरीसाठी मात्र आधीच्या सहा महिन्यांच्या हप्त्यात ७८ दिवस भरलेले असावे लागतात. दहा किंवा अधिक कामगार असतील तर ही नोंदणी सक्तीची आहे. नव्या संहितेप्रमाणे दहापेक्षा कमी असले तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असल्यास नोंदणी करता येते. आपल्या भागातील अडचणही सांगितली पाहिजे : ईएसआयचे मोठे रुग्णालय नागपुरास आहे, अकोल्याच्या माणसाला ते दूर पडते. तरीही घरी बसलेल्या मजुराची चूल पेटती ठेवणारी दुसरी योजना आम्हाला दिसत नाही.

दुसरी वाट महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची. राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला अमरावती जिल्हा होता. जुलै २०२४ पासून पिवळे, केशरी आणि पांढरे अशा सर्व रेशन कार्डांवर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. म्हणजे मजूर आणि ठेकेदार दोघेही यात येतात, आणि हप्ता काहीच नाही. पण अटी समजून घ्या. दवाखाना योजनेतला असावा लागतो, भरती व्हावे लागते आणि तो उपचार यादीत असावा लागतो. बाहेरून घेतलेल्या गोळ्या आणि बुडालेली मजुरी यात मिळत नाही. रेशन कार्डात नाव असणे आणि ते आधारशी जुळणे ही पहिली पायरी आहे. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. पैसे भरण्याआधी त्याला भेटावे, नंतर नव्हे.

तिसरी वाट बांधकामवाल्यांची. गवंडी, सेंट्रिंगवाले, रंगारी, प्लंबर, वेल्डर अशा १८ ते ६० वयाच्या कामगाराने वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केले असेल तर त्याचे नाव राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदता येते. त्यासाठी ९० दिवसांचा दाखला लागतो. तो देताना आपले ठेकेदार बंधू घाबरतात, सही केली तर अंगावर काही येईल असे त्यांना वाटते. देणे तर सहीशिवायही अंगावर आहेच. सही न केल्याने एवढेच होते की मजुराला मंडळाकडून मिळायचे तेही मिळत नाही.

चौथी, अपघाती भरपाईची पॉलिसी, जी आमच्या कोटेशनमध्ये होती. लहान ठेकेदाराने ती वर्षाची घ्यावी आणि दवाखान्याच्या खर्चाची जोड त्यात आवर्जून मागून घ्यावी, कारण ती बहुधा वेगळी लावावी लागते. शिवाय १८ ते ७० वयाच्या ज्याचे बँकेत खाते आहे त्याला २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. वीस रुपये म्हणजे चहाचे दोन कप.

मालकाने स्वतःचे काय करावे

एक गोष्ट लहान मालक विसरतो. दुकानाचा किंवा ठेक्याचा मालक स्वतः ईएसआयमध्ये बसत नाही, कारण तो नोकर नाही. मजुरांची नोंद केली आणि आपण मात्र उघडे राहिलो, असे पुष्कळांचे होते. त्याला फुले योजना आहेच. त्यावर जोड हवी असेल तर आरोग्य संजीवनी नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी एप्रिल २०२० पासून कंपन्यांकडे आहे. तिच्यात प्रत्येक बिलाचे पाच टक्के आपण भरायचे असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून घरच्या आरोग्य पॉलिसीवरचा जीएसटी उठला आहे, सामूहिक पॉलिसीवर मात्र अठरा टक्के कायम आहे. भाव विचारताना हा फरक लक्षात घ्यावा.

आणि साखर, बीपी लपवू नये. जुन्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबवू शकते. खरे लिहिले तर तेवढे थांबून हक्क मिळतो, खोटे लिहिले तर क्लेमच्या वेळी हात रिकामे राहतात.

आपल्या हातातले

ज्यांचा संकोच अजूनही जात नाही त्यांनी निदान आपसांत तरी काही उभे करावे. बीसी आपण सर्वच चालवतो. वीस ठेकेदारांनी महिना तीनशे रुपये टाकले तर वर्षाला ७२,००० रुपये जमतात. यातून तेरा लाखांची भरपाई होणार नाही हे उघड आहे. पण नागपूरची गाडी, औषधे आणि घरी बसलेल्या मुलाचा दोन महिन्यांचा किराणा होईल. मोहल्ल्याची चादर अपघातानंतर फिरते आणि हात पसरायला लावते. ही रक्कम आधीच जमलेली असते, तिच्यात घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

ठेकेदार बंधूंना आमची विनंती आहे की या आठवड्यात हजेरीची वही उघडा, प्रत्येक मुलाचे आधार आणि रेशन कार्ड बघा, कोणाचे नाव कुठे चढलेले नाही ते लिहा आणि कंट्रोलवाल्याकडे किंवा तहसीलला पाठवा. ज्याचे नाव कोणत्याच वहीत नाही त्याला कोणतीच योजना ओळखत नाही. योजनेतले दोन जवळचे दवाखाने कोणते, हेही आधीच ठाऊक करून ठेवा. अपघाताच्या घाईत ते सुचत नाही, हे आम्ही पाहिले आहे.

आणि काम देणाऱ्या व्यापारी बंधूंना सांगणे एवढेच की भाव पाडायचा असेल तर लोखंडात पाडा, प्लायमध्ये पाडा. कोटेशनमध्ये विम्याची ओळ असेल तर ती राहू द्या, आणि नसेल तर स्वतः विचारून लिहून घ्या. तो मुलगा आता पुन्हा कामावर जातो, पण शिडी चढत नाही. आमच्या दुकानासमोरून जाताना आजही सलाम करतो. त्या सलामाचे उत्तर देताना आमची नजर खाली जाते. अशी पाळी दुसऱ्या कोणावर येऊ नये, म्हणून हे लिहिले.