“काही करत नाही तो, या ना आत!”

रायपूरच्या बूढापाऱ्यात, बूढा तलावाजवळच्या जुन्या गल्ल्यांत दार उघडले की पाऊल जवळजवळ रस्त्यावरच पडते. अशा घरातला पाळीव कुत्रा एका उडीत गल्लीत येतो. दारात कधी दूधवाला असतो, कधी गॅसचे सिलिंडर आणणारा, तर कधी शिकवणीहून परतणारे शेजारचे मूल. तेवढ्यात आतून गृहिणीचा आवाज येतो, “काही करत नाही तो, या ना आत!”

हे वाक्य खोटे नसते. घरच्यांना तो खरोखरच काही करत नाही. पण दारात आलेला अनोळखी माणूस त्याच्या लेखी घरचा नसतो.

जुलै 2024 मध्ये रायपूरच्याच अनुपम नगरात सामान पोहोचवायला आलेल्या माणसावर एका घरातील दोन पिट बुल कुत्र्यांनी हल्ला केला. बचावासाठी त्याला शेजारी उभ्या असलेल्या मोटारीवर चढावे लागले. प्रकरण पोलिसांत गेले.

त्याच महिन्याच्या 1 तारखेपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली होती. तिच्या कलम 291 नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून कुणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना पुरेशी खबरदारी न घेणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हा दंड 1,000 रुपयेच होता. कुत्रा स्वभावाने किती गुणी आहे, हे इथे कुणी विचारत नाही. मालकाने काय केले, हे विचारले जाते.

मुंबईत मे 2010 मध्ये एका गृहस्थाने मोटारीचे दार उघडले. आतला रॉटवायलर बाहेर आला आणि 72 वर्षांच्या वृद्धाला चावला. 2023 मध्ये गिरगावच्या न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. चावायला किती वेळ लागला असेल? खटल्याला मात्र बारा वर्षे लागली.

औषधपाणी आणि बुडालेली मजुरी यांच्या भरपाईसाठी दिवाणी दावा वेगळा करता येतो. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी लावली की आपण सुटलो, असे अनेकांना वाटते. उलट, कुत्रा अंगावर जातो हे मालकाला ठाऊक होते, असे समोरचा वकील त्याच पाटीवरून म्हणू शकतो.

खरी खबरदारी साधी आहे. घंटी वाजली की आधी कुत्रा आतल्या खोलीत, मग दार. फिरायला नेताना साखळी अशाच्या हातात द्यावी, ज्याला तो ओढून नेणार नाही. शाळकरी मुलाकडे मोठा कुत्रा सोपवणे हे कौतुक नव्हे. मात्र दिवसभर बांधून ठेवलेला कुत्रा अधिकच चिडका होतो, हेही लक्षात असू द्यावे. तो जेवत असताना, झोपला असताना किंवा कुत्री पिल्लांपाशी असताना मुलांना जवळ जाऊ देऊ नये. शेपूट हलते आहे म्हणजे तो खूशच आहे, असे नाही. अंग ताठ, नजर रोखलेली आणि ओठ वर ओढलेले दिसले तर पळू नये. स्तब्ध उभे राहावे, त्याच्या डोळ्यांत पाहू नये आणि हळूहळू मागे सरावे.

इतके करूनही दात लागलाच तर जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काहीही भरू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून घरोघरी आहे, पण ती लस भारतात केव्हाच बंद झाली. आता दंडावर त्वचेत लस देतात ती पहिल्या दिवशी आणि नंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल तर जखमेतच वेगळे औषधही द्यावे लागते. घरी आणि बहुतेक वेळा शेजाऱ्यांतही “पाळलेला आहे, लस टोचलेली आहे” म्हणून थांबतात. तो निर्णय डॉक्टरांनाच घेऊ द्यावा.

मालकाने लसीकरणाचे कार्ड स्वतःहून जखमी माणसाच्या घरी न्यावे, खर्चाचे विचारावे आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी. या दहा दिवसांत तो आजारी पडला किंवा मेला, तर ते डॉक्टरांना तत्काळ कळायलाच हवे. घाबरून त्याला रातोरात कुणा नातलगाच्या गावी पाठवून दिले, तर ते कळण्याचा मार्गच बंद होतो.