रविवारचं पान



गेल्या आठवड्यात एक पुस्तक माझ्याकडे परत आलं. दर शनिवारी दुपारी बिल्डिंगमधली सहा-सात मुलं आमच्या डोंबिवलीच्या घरी इंग्रजी वाचायला येतात. त्यातल्या एका पहिलीतल्या मुलीला मी एरिक कार्ल यांचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ घरी दिलं होतं. तिच्या आईने ते पिशवीत घालून परत पाठवलं. सोबत निरोप : "ताई, यात सलामी आणि सॉसेज आहे. आपल्या घरात नको. आणि बोलणारे प्राणी, चालणारे प्राणी हे सगळं खोटंच ना? त्यापेक्षा स्पेलिंग पाठ करून घ्या."

तिच्याशी फोनवर बोललेच. पण असं वाटणारी ती एकटी नाही, म्हणून आज सगळ्यांसाठी लिहिते. थोडं कडक लिहिणार आहे, राग मानू नका.

आधी सॉसेजचं बघू. १९६९ सालच्या या पुस्तकात एक भुकेला सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन नासपती, असं करत शुक्रवारी पाच संत्री. शनिवारी मात्र केक, आइस्क्रीम, सलामी, सॉसेज असं दहा प्रकारचं खातो आणि रात्री त्याचं पोट दुखतं. रविवारी तो एक हिरवं पान खातो, मग त्याला बरं वाटतं. आपल्या आजीने तरी याहून वेगळं काय सांगितलं असतं? आईने शनिवारचं पान पाहिलं आणि पुस्तक मिटलं. रविवारचं पान उलटलंच नाही.

सॉसेज हा शब्द वाचणं म्हणजे सॉसेज खाणं नव्हे. उद्या हीच मुलगी शाळेच्या सहलीला जाईल, वाढदिवसाला जाईल. पाकिटावरचं वाचता आलं तरच काय खायचं नाही हे तिला कळेल. त्या पानावर मी थांबते आणि विचारते, "यातलं आपण काय खात नाही? का नाही?" मुलं भराभर सांगतात. बीट्रिक्स पॉटरच्या ‘पीटर रॅबिट’मध्ये सशाच्या बाबांचा पाय नावाचा पदार्थ केला गेला, असं अगदी सुरुवातीलाच येतं. तिथे सात वर्षांचा एक मुलगा थांबला आणि म्हणाला, "पण मग पीटरला वाईट वाटलं असेल ना?" मी त्याला काही शिकवलं नव्हतं. सशाला बाबा असतात, हे गोष्टीने सांगितलं होतं.

आता ‘खोटं’ या शब्दाकडे वळू. मेरुप्रभ हत्तीची गोष्ट आपण पर्युषणात किती भक्तीने ऐकतो! वणव्यात एक ससा त्याच्या उचललेल्या पायाखालच्या जागेत येऊन बसला, म्हणून त्याने अडीच दिवस पाय खाली टेकवला नाही. तोच पुढे मेघकुमार झाला. चंडकौशिक सापालाही भगवंतांनी बोध केला. टेंभी नाक्याला मुनिसुव्रत स्वामींच्या दर्शनाला गेलं की कासवाचं लांछन मुलंच आधी दाखवतात. प्राण्याला मन आहे, सुखदुःख आहे, हे ज्यांच्या धर्माच्या पायाशी आहे, त्यांनी प्राण्यांच्या गोष्टींना नाक मुरडावं?

आणखी एक सांगते. पूर्णभद्र नावाच्या जैन मुनींनी ११९९ साली पंचतंत्राचा एक पाठ सिद्ध केला. आर्थर रायडर यांचं १९२५ सालचं प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर याच पाठावरून झालं आहे. म्हणजे इंग्रजीत बोलणारे ते कोल्हे-कासवं एका जैन साधूच्या लेखणीतून तिथवर पोहोचले. आपण मात्र त्यांना दारातूनच परत पाठवतो!

राहिलं स्पेलिंग. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी कितीतरी मुलं धडा घडाघडा वाचतात आणि अर्थ विचारला की गप्प बसतात. यात आपल्याला नवल वाटू नये. प्रतिक्रमणाची सूत्रं आपणही लहानपणी अर्थ न कळता पाठ केली, आणि अर्थ कळला त्या दिवशी डोळे भरून आले. मग इंग्रजीच्या बाबतीत मुलांना तितकी वर्षं का थांबवायचं?

अक्षरांचे आवाज शिकवायलाच हवेत, तिथे माझं दुमत नाही. पण आवाज जोडून शब्द झाला, तरी पुढचं पान उलटायची ओढ गोष्टच लावते. त्यातही प्राणी बरे. बर्फ, शेकोटी आणि टॉमचा बंगला आपल्या मुलांना परका वाटतो. बेडूक आणि ससा कुणालाच परके नसतात. शिवाय अशा गोष्टींत तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं. तिसऱ्या वेळी मूल ते स्वतःच म्हणतं.

सगळ्याच गोष्टी चांगल्या असतात असं नाही. पंचतंत्रातही कपट जिंकतं तिथे मी मुलांना विचारते, "हे बरोबर झालं का?" पुस्तक हातात देऊन आपण स्वयंपाकघरात निघून गेलो, तर दोष पुस्तकाचा नाही.

करायचं इतकंच : आधी गोष्ट मराठीत सांगा. मग शब्दाखाली बोट ठेवून इंग्रजीत वाचा. मूल मागेल तितक्या वेळा तीच वाचा. मध्येच स्पेलिंग विचारू नका. पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत असंही नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी आणि इंग्रजी गोष्टी फुकट वाचता येतात. फोन हातात असतोच, तो यासाठी दहा मिनिटं द्या.

त्या मुलीला शनिवारपर्यंतचे वार आता क्रमाने येतात. पुस्तक मी पुन्हा तिच्या पिशवीत घातलं आहे. आईला एकच विनंती केली आहे : रविवारचं पान तुम्ही दोघी मिळून वाचा.