टँकरवरचं एक टिंब

ई-२० चा विषय निघाला की ऑफिसच्या कॅन्टीनपासून गल्लीतल्या कट्ट्यापर्यंत सगळे एकाच गोष्टीवर येतात. गाडीचं ॲव्हरेज! किती पडलं, इंजिनाचं काय होणार, जुन्या बाइकचं काय... चर्चा महत्त्वाची आहे, नाही असं नाही. पण मंडळी, या पेट्रोलला आग लागली तर ती विझवायची कशी, हे या गदारोळात फारसं कुणी विचारत नाही. आणि आपण कोल्हापूरवाल्यांनी तर ते सगळ्यात आधी विचारायला हवं.

का? तर हा माल आपल्याच घरचा आहे. जिल्ह्यात वीसच्या वर साखर कारखाने, त्यातल्या अनेकांच्या डिस्टिलरी. तिथलं ९९ टक्क्यांहून जास्त शुद्ध इथेनॉल टँकरमधून तेल कंपन्यांच्या डेपोत जातं, तिथे पेट्रोलमध्ये मिसळतं आणि पुन्हा टँकरनेच आपल्या पंपांवर येतं. म्हणजे शिरोली, उचगाव, कागल, सांगली रोड... आपण रोज ज्या रस्त्याने जातो त्याच रस्त्याने. ऊसवाल्याला त्यातून पैसा मिळतो, चांगलंच आहे. माझा इथेनॉलला विरोध नाही, आधीच सांगून ठेवतो :-)

आता जरा केमिस्ट्री. पेट्रोलच्या आगीवर फोम मारतात. फोम म्हणजे बहुतांश पाणीच, बुडबुड्यांच्या रूपातलं. तो पेट्रोलवर गोधडीसारखा पसरतो आणि हवा तोडतो. पेट्रोल आणि पाण्याचं पटत नाही, म्हणून गोधडी टिकते. इथेनॉलचं मात्र पाण्याशी भलतंच सख्य! ते फोममधलं पाणी ओढून घेतं, बुडबुडे फुटतात आणि आग पुन्हा वर येते. यासाठी वेगळा, अल्कोहोलला दाद न देणारा फोम लागतो. त्यातलं पॉलिमर इंधनावर पातळ पापुद्रा धरतं आणि वरचा फोम वाचतो.

आपल्याकडे जानेवारी २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झालं, महाराष्ट्र त्यात होता. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये २० टक्के. हे १० टक्के म्हणजे नुसता सरकारी टप्पा नाही. त्यापुढे साध्या फोमवर विसंबू नये असं तज्ज्ञ सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत साध्या पेट्रोलचा नंबर १२०३, पण इथेनॉल १० टक्क्यांच्या वर गेलं की त्या मिश्रणाचा नंबरच बदलतो, ३४७५ होतो. शुद्ध इथेनॉलचा ११७०.

टँकरच्या मागे हा नंबर आणि त्याच्यावर एक छोटा कोड असतो, पाहिला असेल. पेट्रोलला '३ वाय ई'. इथेनॉलला 'टिंब २ वाय ई'. ई-२० ला 'टिंब ३ वाय ई'. ते सुरुवातीचं टिंब म्हणजेच 'अल्कोहोलवाला फोम आणा'. वाय सांगतो की सांडलेलं अडवा, गटारात जाऊ देऊ नका (आपल्याकडे गटार म्हणजे जयंती नाला, आणि नाला म्हणजे पंचगंगा). ई म्हणजे आजूबाजूची माणसं हलवायचा विचार करा. सेमिकोलन विसरला म्हणून बिल्ड फेल झालेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिथे पुन्हा कंपाइल करता येतं. इथे टिंबाकडे दुर्लक्ष झालं तर पुढे उभा असतो तो बंबावरचा जवान.

'पाण्यात मिसळतं ना, मग मारा पाणी!' असं कुणी म्हणेल. हिशोब करू. २०,००० लिटर इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत पातळ करायला ८०,००० लिटर पाणी लागेल. बंबात पाच हजार लिटर धरलं तर सोळा बंब. आणि एवढं करूनही त्या मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट साधारण ३६ अंश. एप्रिलमधली कोल्हापूरची दुपार आठवा! ई-२० वर पाणी मारलं तर इथेनॉल पाण्याबरोबर खाली जातं आणि पेट्रोल वर तरंगत जळत राहतं. शुद्ध इथेनॉलची ज्वाळा तर भर उन्हात जेमतेम दिसते.

अमेरिकेत इलिनॉयमधल्या चेरी व्हॅलीला १९ जून २००९ रोजी इथेनॉलची मालगाडी घसरून पेटली. फाटकाशी थांबलेल्या एका गाडीतली महिला दगावली, सुमारे ६०० घरं रिकामी करावी लागली. कधी कधी शहाणपणाचा निर्णय हाच असतो, की माणसं हलवा आणि जळू द्या. पण तो निर्णय घ्यायलाही समोर काय जळतंय ते ठाऊक पाहिजे.

पंपांचंही तसंच. २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण विसरलेलो नाही. जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं तर पूर्वी ते पेट्रोलखाली वेगळं बसायचं. आता ते इथेनॉलला ओढून घेऊन तळाशी बसतं, आणि पंपाचा पाइप तळाजवळूनच ओढतो. पुरात त्या पंपावर कोण येणार? बचाव पथकाची बोट आणि ॲम्ब्युलन्स! म्हणून पूर ओसरला की टाकी तपासल्याशिवाय नोझल हातात घेऊ नये, इथेनॉल चालेल अशीच पाणी दाखवणारी पेस्ट वापरावी.

तर माझं म्हणणं एवढंच. इथेनॉलमधून कारखाने कमावतात, तेल कंपन्या कमावतात, सरकारचं परकीय चलन वाचतं. मग महामार्गावरच्या प्रत्येक अग्निशमन केंद्रात योग्य फोम, तो मारायची साधनं आणि वर्षातून एकदा सराव, हा खर्च यांच्याच खात्यावर पडला पाहिजे. नगरपालिकेने वर्गणी काढून करायचं काम नाही हे. कुठल्या केंद्रात किती फोम आहे आणि तो कधी मुदतबाह्य होतो, हे जिल्हा प्रशासनाने जाहीर करावं. एक एक्सेल शीट पुरेल.

आणि आपण? अपघात दिसला तर मोबाइलने शूटिंग करत जवळ जाऊ नका. वाऱ्याच्या वरच्या बाजूला, लांब उभे राहा, ११२ लावा, आणि लांबून दिसत असेल तर टँकरवरचा चार आकडी नंबर वाचून सांगा. टिंब असेल तर टिंबासकट.