कंदाच्या रेषा

या अंकातला मुख्य लेख आदिवासी चित्रकार एमिली कामे उंगवरे यांच्यावर आहे. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या अल्हालकेरे या वाळवंटी भूमीत १९१०च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. उमेदीची वर्षं गोऱ्यांच्या गुरांमागे राबण्यात गेली. १९७७ पासून त्या बाटिक करत होत्या; कॅनव्हास हाती आला तो मात्र सत्तरी उलटल्यावर. १९९६ साली त्या गेल्या. त्याआधीच्या जेमतेम आठ वर्षांत त्यांनी सुमारे ३,००० चित्रं केली असं मानतात.

मेलबर्नच्या संग्रहालयात त्यांचं १९९५चं एक चित्र आहे. तीन मीटर उंच, आठ मीटर रुंद. काळ्या पृष्ठभागावर फक्त पांढऱ्या रेषा, कुठे जाड, कुठे थरथरत्या, एकमेकींत गुंतलेल्या. दोन दिवसांत पुरं केलेलं. पाश्चात्त्य समीक्षक त्याला अमूर्त म्हणाले. मला ते मुळीच पटत नाही. जमिनीखाली रताळ्यासारखा कंद पोसला की वर माती तडकते, आणि त्या भेगा वाचून बायका कुठे खणायचं ते ठरवतात. एमिलीबाई याच कंदाच्या परंपरेच्या राखणदार होत्या. विधीच्या वेळी बायकांच्या छातीवर, दंडांवर रंगवायच्या रेषा त्यांच्या बोटांत जन्मभर मुरलेल्या होत्या.

२००७ साली त्यांचं एक चित्र दहा लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलरना विकलं गेलं. फेरविक्रीत कलावंताला वा वारसांना वाटा देणारा कायदा तिथे लागू झाला २०१० मध्ये. लेख वाचताना हेही ध्यानात असू द्या.